ओसरीवरच्या मास्तरापासून मुक्त विद्यालयापर्यंत: घरशिक्षणाची पार्श्वभूमी

मुलांना शाळेत न घालता घरी शिकवायचं ठरवलेले गोव्यातले मराठी आईबाप भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अभ्यासक्रम कुठला घेतला? त्यापाठोपाठ दुसरा येतो: तुमचा मुलगा बघून शिकणारा की ऐकून शिकणारा? दुसऱ्या प्रश्नावरून पहिल्याचं उत्तर ठरवायची रीत पडली आहे, आणि त्यापायी पालक अभ्यासक्रमाचे महागडे संच विकत घेतात. म्हणून हा दुसरा प्रश्न आला कुठून, ते आधी बघायला हवं.

घरी शिकणं गोव्याला नवं नाही. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शाळा मुख्यतः पोर्तुगीज भाषेची होती. मराठी शिकायचं तर देवळाच्या आवारात किंवा एखाद्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, ओसरीवर, घरी ठेवलेल्या मास्तरांकडे. त्या घरची आणि शेजारपाजारची मुलं एकत्र बसत. थोरला हिशेब करतोय, धाकटा बाराखडी गिरवतोय, आणि दोघांचे मास्तर एकच. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, धर्मावरून असलेली बंधनं सैल झाली आणि हिंदू समाजाने उघडपणे संस्था काढल्या. फोंड्यात दादा वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९११ साली गोवा विद्याप्रसारक मंडळ उभं केलं. पणजीच्या मुष्टिफंड या शिक्षणसंस्थेचं तर नावच सांगतं की घराघरांतल्या मूठ मूठ तांदळावर शाळा चालली. १९६१च्या मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या, त्यातल्या बहुतेक मराठी. ओसरीवरचे मास्तर गेले ते तेव्हा, आणि ते गेल्याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं. कारण त्या ओसरीवर सगळ्या जातींच्या मुलांना जागा नव्हती.

आज ज्याला होमस्कूलिंग म्हणतात ते बाहेरून आलं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेने १९०६ पासून घरी शिकवायचे धडे टपालाने पाठवायला सुरुवात केली. अभ्यासक्रमाचा तयार संच ही कल्पना इतकी जुनी आहे. १९७७ साली शिक्षक-लेखक जॉन होल्ट यांनी शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी नियतकालिक काढलं आणि त्या वाटेला चळवळीचं रूप आलं.

शिकण्याच्या शैलींची गोष्ट वेगळी. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग शाळा तपासनीस होते. चांगले शिक्षकही काही मुलांपर्यंत पोचत नाहीत आणि सुमार शिक्षक पोचतात, हे त्यांना वर्गावर्गांत दिसलं. त्यातून त्यांनी पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि हाताने करून असे चार कल मांडले. कोलीन मिल्स यांच्याबरोबरचा त्यांचा लेख १९९२चा. त्याआधी १९८३ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी बुद्धीचे अनेक प्रकार सांगितले होते. लोकांनी दोन्हींची सरमिसळ केली. बुद्धीचे प्रकार म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, असं गार्डनर यांना पुढे स्वतः सांगावं लागलं. २००४च्या एका ब्रिटिश आढाव्यात तर शैलींची ७१ प्रारूपं मोजली गेली. मग २००८ साली मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी सरळ विचारलं: मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवलं तर ते खरंच जास्त शिकतं का? तसं दाखवणारा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मुलांच्या आवडी वेगवेगळ्या असतात, हे त्यांनी नाकारलं नाही. पण आवड म्हणजे शिकण्याची क्षमता नव्हे. माझ्या मते संच विकत घेण्याआधी प्रत्येक पालकाने एवढं तरी ऐकावं.

मुलाकडे बघून शिकवण्याची मराठीतली परंपरा याहून जवळची आहे. १९२६ साली बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे ताराबाई बोर्डीला आणि नंतर कोसबाडला गेल्या. मॉन्टेसरीची साधनं महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं घेतली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी कुरणातच शाळा भरवली. मूल कुठे आहे, त्याच्या हातात काय आहे, हे त्यांनी आधी पाहिलं.

कायद्याचं थोडक्यात. २००९चा शिक्षणहक्क कायदा मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हणतो, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगत नाही. घरी शिकणाऱ्यांची मुख्य वाट म्हणजे मुक्त विद्यालय, रोज शाळेत न जाता परीक्षा देऊ देणारं. ते १९८९ साली राष्ट्रीय पातळीवर सुरू झालं. आज त्याला एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणतात. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. विषय पाच, एका वेळी सगळे द्यायची सक्ती नाही, पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी. चित्रकला आणि गृहविज्ञानही घेता येतात, मराठी माध्यमही आहे. एकाच घरातल्या दोन मुलांना आपापल्या गतीने शिकू देणारी सोय इथे खरी आहे.

आमच्या फोंड्याच्या घरी चतुर्थीआधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-पानांच्या सजावटीचं, सामान आलं की वह्या बाजूला पडतात. धाकटा कांगलां, घागऱ्यो, सुपारीचे घोस हाताळत शेंग कुठली, फळ कुठलं ते वेगळं करतो. थोरली बसून त्यांची चित्रं काढते. दोन वर्षं मी त्याला ‘हाताने करून शिकणारा’ समजले आणि पाढ्यांसाठीही मणी आणले. मणी ओघळून खाटेखाली गेले. पाढे त्याला आले ते आजीबरोबर संध्याकाळी शुभंकरोति झाल्यावर मोठ्याने म्हणून. आणि बघून शिकणारी म्हणून जिला मी अपूर्णांकांची रंगीत चित्रं दाखवत होते, तिला ते कळले नारळाची भकलं (फोडलेल्या नारळाचे अर्धे भाग) खवताना: अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव, आणि भाजीला तेवढंच लागतं.