आमियां: खडूवर उभं राहिलेलं शहर

फ्रान्सला जाणारे आपले लोक पॅरिसचं नोत्र-दाम बघतात आणि कॅथेड्रल बघून झालं म्हणतात, आणि मला दर वेळी वाटतं की यांना कुणीतरी उत्तरेकडच्या ट्रेनमध्ये बसवून द्यायला हवं. तासा-सव्वा तासात आमियां येतं. सोम नदीच्या काठचं शहर, आणि तिथलं कॅथेड्रल आकारमानाने फ्रान्समधलं सगळ्यात मोठं, आतली पोकळी जवळजवळ २ लाख घनमीटर, म्हणजे पॅरिसचं नोत्र-दाम त्यात दोनदा मावेल असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. छत ४२.३ मीटर उंच, बाहेरून लांबी १४५ मीटर, १९८१ पासून युनेस्कोच्या यादीत. हे सगळं कुठल्याही गाइडमध्ये मिळेल. मला त्याच्या खाली काय आहे त्याबद्दल बोलायचंय, कारण या शहराचा निम्मा इतिहास त्याच्या जमिनीतूनच वर आलाय.

जमीन खडूची आहे. अक्षरशः खडू. साधारण ८-९ कोटी वर्षांपूर्वी हा सगळा पिकार्दी प्रांत उबदार समुद्राखाली होता, आणि त्या पाण्यात एकपेशीय शेवाळं राहायची ज्यांच्या अंगावर कॅल्शियम कार्बोनेटच्या चकत्या असायच्या, एकेक चकती मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी. ती मेली की चकत्या तळाशी, मग त्यावर पुढच्या, असं लाखो वर्षं चालू राहिलं आणि जाडच्या जाड पांढरा थर तयार झाला. (आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हातून झाला तो त्यानंतरचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा.) त्याच समुद्रातल्या स्पंजांच्या अंगात सिलिका होती, ती विरघळून गाळात झिरपली आणि खडूच्या आत ठिकठिकाणी कडक गोळे होऊन बसली. हाच फ्लिंट, चकमकीचा दगड. खडू नखाने खरवडता येतो, आणि त्याच्याच पोटातला फ्लिंट फोडला तर काचेसारखी धार येते.

ही धार सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आली ते आमियांच्याच एका उपनगरात कळलं, आणि माझ्या मते शहराची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, कॅथेड्रलपेक्षाही. उपनगराचं नाव सां-आशल. जवळच्या आबव्हिल गावात बुशे द पेर्त नावाचे कस्टमचे अधिकारी वर्षानुवर्षं सांगत होते की सोमच्या वाळू-गोट्यांच्या थरात माणसाने घडवलेली फ्लिंटची हत्यारं सापडतात, तीही नामशेष झालेल्या प्राण्यांच्या हाडांसोबत. कुणी ऐकेना. आमियांचे डॉक्टर रिगोलो तर विरोधकांपैकीच, पण १८५४ मध्ये त्यांनी सां-आशलच्या खाणी स्वतः पाहिल्या आणि त्यांचं मत बदललं. मग २७ एप्रिल १८५९ ला भूवैज्ञानिक जोसेफ प्रेस्टविच आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक जॉन इव्हान्स हे दोन इंग्रज तिथे आले, खाणीच्या भिंतीत रुतलेली एक हातकुऱ्हाड त्यांना दिसली, आणि ती उपसून काढायच्या आधी त्यांनी तिचा फोटो काढून घेतला. वस्तू थरात जिथे आहे तिथेच तिची नोंद करायची, नंतर हलवायची, ही आजच्या उत्खननातली पहिली शिस्त, ती इथे कॅमेऱ्याने पाळली गेली. महिन्याभरात प्रेस्टविचनी लंडनच्या रॉयल सोसायटीत पेपर वाचला आणि माणूस काही हजार वर्षांचा नाही, फार फार जुना आहे हे मान्य व्हायला सुरुवात झाली. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक त्याच वर्षी, पण नोव्हेंबरमध्ये आलं. ती हातकुऱ्हाड पुढे लंडनच्या म्युझियममध्ये इतर दगडांत हरवून गेली होती, ती २००९ मध्ये, बरोबर दीडशे वर्षांनी, पुन्हा ओळखली गेली.

सां-आशलवरून अशा हत्यारांच्या परंपरेला अश्यूलियन नाव पडलं आणि ते जगभर चालतं. आपल्याकडेही. प्रवरेच्या काठी नेवाशाला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया यांनी १९५० च्या दशकात काम केलं, नंतर तिथेच चिरकीला मोठं उत्खनन झालं, आणि तिथल्या हातकुऱ्हाडी अश्यूलियनच म्हणवल्या जातात. फक्त आपल्याकडे फ्लिंट नाही, म्हणून त्या बेसॉल्ट (सह्याद्रीचा तोच काळा दगड) आणि त्याच्यासारख्याच डोलेराइटच्या आहेत. घडवण्याची कल्पना तीच, दोन्ही बाजूंनी टवके काढून आणलेला थेंबाचा आकार.

आता कॅथेड्रलकडे. १२१८ मध्ये जुनं चर्च जळालं आणि १२२० मध्ये नव्याचं काम सुरू झालं, पहिला स्थपती रोबेर द ल्युझार्श, मग तोमा द कोर्माँ, मग त्याचा मुलगा रनो. बराचसा सांगाडा ५० वर्षांत उभा राहिला, त्या काळात हे फार वेगवान. पैसा कुठून आला? एक म्हणजे यात्रेकरू, कारण १२०६ मध्ये इथे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शिर म्हणून एक अवशेष आणला गेला होता. दुसरं म्हणजे निळा रंग. पास्तेल नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती या भागात पिकायची, तिची पानं कुटून, गोळे करून, वाळवून, मग पुन्हा आंबवून त्यातून कापडाचा निळा रंग काढायचे. कापड रंगाच्या हौदातून बाहेर येतं तेव्हा हिरवट-पिवळं असतं आणि हवेतला ऑक्सिजन लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. हा रेणू आणि आपल्या नीळीतला रेणू अगदी एकच, फक्त नीळीच्या झाडात तो कितीतरी जास्त, त्यामुळे समुद्रमार्गाने भारतातली नीळ यायला लागली तेव्हा पास्तेलचा धंदा हळूहळू बसला. पण तेराव्या शतकात हे व्यापारी श्रीमंत होते आणि कॅथेड्रलच्या दक्षिण भिंतीवर पास्तेलचं पोतं घेतलेल्या दोन व्यापाऱ्यांचं शिल्प अजून आहे.

दगड आसपासच्या खाणींतला चुनखडक, आणि कामाची पद्धत बघण्यासारखी. खांबांचे दगड एकेक मापून न घडवता ठरलेल्या साच्यांनुसार आधीच कापून ठेवायचे, त्यामुळे हिवाळ्यात बांधकाम थांबलं तरी दगड घडवायचं काम आत चालू ठेवता यायचं. वेगाचं एक मोठं कारण हे.

पण एवढं उंच छत म्हणजे भिंतींना बाहेर ढकलणारा सततचा जोर. दगडी कमान स्वतःचं वजन सरळ खाली देत नाही, पाय फाकवत देते. तो जोर पेलायला बाहेरून तिरक्या अर्ध्या कमानी टेकवतात, फ्लाइंग बट्रेस, आणि त्या नेमक्या त्या जोराच्या रेषेत हव्यात. आमियांच्या पूर्वेकडच्या भागात त्या भिंतीला जास्तच वर टेकल्या गेल्या होत्या, त्यामुळे जोर खालून निसटत राहिला. नंतरच्या गवंड्यांनी खाली दुसरी रांग बांधली. तरी तडे काही थांबेनात, आणि १४९७ मध्ये पिएर तारिसेलने जे केलं ते मला आजही थरारक वाटतं. त्याने मधल्या मजल्याच्या उंचीवर लोखंडी पट्ट्यांची साखळी बसवली, आणि ती लालबुंद गरम असताना. लोखंड तापलं की लांबतं, १० मीटरची पट्टी ५०० अंशांनी तापवली तर साधारण ६ सेंटिमीटर. गार होताना तेवढंच आवळतं, बैलगाडीच्या चाकावर लोहार तापलेली धाव चढवतो त्याच न्यायाने. ती साखळी अजून तिथेच आहे. हे किती जिवावरचं होतं ते कळायला ६० किमी दक्षिणेचं बोव्हे बघा, तिथे छत ४८ मीटरवर नेलं आणि १२८४ मध्ये त्याचा मोठा भाग कोसळला.

पुढच्या काळात कॅथेड्रल वाचलं ते बरंचसं माणसांनी जपलं म्हणून. १९१८ मध्ये जर्मन फौज शहरापासून १५-१६ किमीवर आली होती, तेव्हा दारांवरची शिल्पं वाळूच्या पोत्यांनी झाकलेली होती. १९४० मध्ये शहराचा मोठा भाग बॉम्ब आणि आगीत गेला, कॅथेड्रल राहिलं.

त्या दारांचं मात्र वेगळंच नुकसान चालू होतं. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्यासोबत चुनखडकावर बसला की कॅल्शियम कार्बोनेटचं जिप्सम होतं, आणि ते होताना काजळी आत अडकते. पावसाने धुतलेल्या जागी ते वाहून जातं, पण दारांच्या खोल कमानींत पाऊस पोचत नाही, तिथे काळी जाड खपली साचली. १९९० च्या दशकात ती लेझरने काढायला घेतली. इन्फ्रारेड लेझरचे अतिसूक्ष्म काळाचे झटके मारतात, काळी खपली ती ऊर्जा शोषून उडून जाते, फिकट दगड बहुतेक प्रकाश परत फेकतो, त्यामुळे दगड लागला की काम जवळपास आपोआप थांबतं. आणि खपलीखाली रंग सापडले. ज्या आडोशामुळे काजळी साचली त्याच आडोशामुळे रंगही टिकले होते! संत, देवदूत, राजे, सगळे रंगवलेले होते. लेझरने काही जुनी रंगद्रव्यं काळवंडतात, त्यामुळे तिथे फार जपून काम करावं लागतं.

मूर्ती पुन्हा रंगवल्या नाहीत, आणि मला हा निर्णय शंभर टक्के पटतो, कारण दगडाच्या छिद्रांत उरलेले ते कण हाच एकमेव पुरावा आहे आणि त्यावर नवीन रंग चढवला की तो संपला. त्याऐवजी उन्हाळ्यात आणि डिसेंबरमध्ये अंधार पडल्यावर दर्शनी भागावर प्रकाशाने ते रंग टाकतात, मूर्तीच्या कडेला कड जुळवून. जाणार असाल तर तारखा बघूनच तिकीट काढा, आणि शो रात्रीचा असतो, त्यामुळे सकाळ सां-आशलला द्या, खाणीच्या जागी आता पुरातत्त्व बाग आहे आणि तिथे जमिनीचे थर उघडे ठेवलेत.