इंडियन ओपन (स्नूकर)

इंडियन ओपन ही भारतात झालेली व्यावसायिक स्नूकरची रँकिंग स्पर्धा. २०१३ मध्ये नवी दिल्लीला तिची सुरुवात झाली. पुढे मुंबई (२०१५), हैदराबाद (२०१६), विशाखापट्टणम (२०१७) आणि कोची (२०१९) इथे ती भरली. विदर्भाच्या वाट्याला ती आली नाही, पण या खेळाचा जन्म विदर्भाच्या शेजारचा आहे. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून स्नूकर घडवला. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. गोंदियाहून जबलपूरला आजही थेट रेल्वेमार्ग आहे.

गावात मात्र कॅरम पोचला, स्नूकर नाही. पैसा हे एक कारण, दुसरे खुद्द टेबल. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, हिरव्या कापडाखाली स्लेट दगडाच्या जाड लाद्या. वजन टनाच्या वर. ते तसूभर कलले तरी हळू मारलेला चेंडू वाट सोडतो. कपाशीची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि घरांच्या भिंतींना तडे पाडते. तिथे असे टेबल समतल राखणे सोपे नाही. कॅरम बोर्डाला पानठेल्यामागचा बल्ब, एक स्टूल आणि चिमूटभर बोरिक पावडर पुरते.

कॅरम खेळणाऱ्याला स्नूकर लवकर कळतो. राणी घेतली की लगेच आपली सोंगटी घेऊन तिला कव्हर द्यावे लागते. स्नूकरमध्ये आधी लाल चेंडू, मग रंगीत. पॉकेटात गेलेला लाल परत येत नाही, रंगीत चेंडू मात्र लाल संपेपर्यंत पुन्हा जागेवर ठेवतात. पंधरा लाल, प्रत्येकामागे सात गुणांचा काळा, शेवटी सहाही रंग ओळीने, असे सगळे साधले तर १४७ गुण.

रँकिंग स्पर्धेतली कमाई जागतिक क्रमवारीत धरतात. २०१४ पासून बक्षिसाचे पौंड हेच गुण, आणि दोन वर्षांनी ती रक्कम खात्यातून वजा होते. म्हणून वर आलेल्यालाही सतत जिंकत राहावे लागते. पहिल्या सोळा जणांना शेफील्डच्या जागतिक स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. बाकीचे पात्रता फेऱ्यांतून येतात.

इंडियन ओपनच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा सामना म्हणजे २०१३ची अंतिम लढत. मुंबईचा आदित्य मेहता तीत चीनच्या डिंग जुनहुईकडून ५-० असा हरला. पण रँकिंग स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला. जबलपुरात जन्मलेल्या खेळाला त्यासाठी १३८ वर्षे लागली. पुढच्या चार स्पर्धा अनुक्रमे मायकेल व्हाइट, अँथनी मॅकगिल, जॉन हिगिन्स आणि मॅथ्यू सेल्ट यांनी जिंकल्या. सेल्टचे हे पहिलेच रँकिंग विजेतेपद.