ऐन वेळी हात का विसरतो?

2008च्या बीजिंग ऑलिंपिकमधली 10 मीटर एअर रायफलची अंतिम फेरी. एकच शॉट उरलेला आणि अभिनव बिंद्रा व फिनलंडचा हेन्री हाक्किनेन यांचे एकूण गुण तंतोतंत सारखे. या प्रकारात दहाचा ठिपका असतो अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, आणि एका शॉटला जास्तीत जास्त 10.9 गुण मिळतात. बिंद्राने 10.8 मारले. हाक्किनेनने 9.7, आणि तो थेट तिसऱ्या क्रमांकावर घसरला.

एका शॉटवरून कुणाचं मन कसं होतं हे ठरवता येत नाही, एखादा शॉट कुणाचाही हुकतो. पण ज्या क्षणी हुकू नये नेमक्या त्याच क्षणी हुकणं क्रीडाजगतात इतक्यांदा दिसतं, की शास्त्रज्ञांनी त्यामागचं कारण शोधायला घेतलं.

धडधड वाढणं, तळहात घामेजणं हे ते कारण नव्हे. अॅड्रेनलिनचा हा परिणाम वजन उचलणाऱ्याला किंवा शंभर मीटर धावणाऱ्याला हवाच असतो. घोटाळा होतो तो लक्ष कुठे जातं यात. नवी हालचाल शिकताना कपाळामागचा मेंदू प्रत्येक पायरीवर नजर ठेवतो. हजारो वेळा केल्यावर तेच काम बेसल गँग्लिया (मेंदूच्या खोलातले पेशीसमूह) आणि लहान मेंदू सांभाळू लागतात आणि कपाळामागच्या भागाची सतत देखरेख लागत नाही. मराठीत याला ‘अंगवळणी पडणं’ म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे. दडपण आलं की हा देखरेख करणारा मेंदू पुन्हा जागा होतो आणि सुरळीत चाललेल्या कामात नाक खुपसतो. समोर कुणी टक लावून बघत असलं की आपली रोजचीच सही वेडीवाकडी उमटते, तसंच हे.

मानसशास्त्रज्ञ शान बायलॉक यांच्या गटाचा 2002मधला प्रयोग यासाठी फार बोलका आहे. फुटबॉल खेळाडूंना खुंट्यांमधून चेंडू नेताना सांगितलं, की चेंडूला पावलाची कुठली बाजू लागतेय इकडे लक्ष ठेवा. नवख्यांना याचा फायदाच झाला. मुरलेले खेळाडू मात्र मंदावले. गंमत अशी, की त्याच मुरलेल्यांना सवय नसलेल्या पायाने चेंडू न्यायला लावल्यावर पायाकडे लक्ष देणं त्यांच्याही कामी आलं. म्हणजे लक्ष देणं वाईट नाही. जे अंगवळणी पडलंय त्याच्याकडे लक्ष देणं महागात पडतं.

1993च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात याना नोवोत्ना निर्णायक सेटमध्ये 4-1 अशी पुढे होती. 5-1 व्हायला एकच गुण हवा असताना तिची डबल फॉल्ट झाली आणि त्यानंतर स्टेफी ग्राफने सलग पाच गेम घेतले. 1998मध्ये नोवोत्नाने ते विजेतेपद मिळवलं, पण लोकांच्या आठवणीत राहिला तो 1993चाच सामना.

अमेरिकी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सच्या बाबतीत गोष्ट पदकापुरती नव्हती. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली सांघिक अंतिम फेरीत व्हॉल्टवर तिला हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, दीडच झाल्या. हवेत आपलं शरीर कुठे आहे याचा अंदाजच सुटतो, याला जिम्नॅस्ट ‘ट्विस्टीज’ म्हणतात. तो सुटलेला असताना उडी मारणं म्हणजे मानेशी खेळ. तिने माघार घेतली तेव्हा तिला कच्च्या मनाची म्हणणारे फार निघाले. मला ते तेव्हाही अजाणतेपणाचं वाटलं. काही दिवसांनी ती बॅलन्स बीमवर उतरली, शेवटची उडी गिरकीविना घेतली आणि कांस्य जिंकली.

कोवळ्या वयात हे सगळं आणखी अवघड होतं. कपाळामागच्या मेंदूची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते, आणि ‘लोक काय म्हणतील’ याची धार पौगंडावस्थेत सर्वांत जास्त बोचते. स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2022 साली वरिष्ठ फिगर स्केटिंग स्पर्धांची किमान वयोमर्यादा 15वरून टप्प्याटप्प्याने 17वर न्यायचं ठरवलं, त्यामागे शरीराइतकाच मनाचाही विचार होता.

मैदानाच्या कडेला उभं राहून ‘कोपर वर! गुडघा वाकव! मान सरळ!’ असा घोष करणारे प्रशिक्षक आणि पालक मला नेहमी दिसतात. त्यांना संशोधक रिचर्ड मास्टर्स यांचा 1992मधला प्रयोग सांगावासा वाटतो. एका गटाला गोल्फचा ‘पट’, म्हणजे चेंडू हलकेच खड्ड्यात ढकलण्याचा फटका, तपशीलवार सूचना देऊन शिकवला. दुसऱ्याला सूचना नाहीत, उलट सराव करताना मनाला येतील ती अक्षरं सतत उच्चारायला लावली, म्हणजे स्वतःचे नियम बनवायलाही डोकं मोकळं राहू नये. पुढे पैशाचं आणि परीक्षकाचं दडपण आणलं तेव्हा सूचनांवर शिकलेले अडखळले, दुसरे सुधारतच राहिले. घोकलेला नियम ऐन वेळी आठवतो, आणि आठवतो म्हणूनच नडतो.

सरावातच थोडं दडपण मिसळण्याचाही उपयोग होतो. कुणी बघतंय, गुण मांडले जाताहेत, असं वातावरण रोज थोडं थोडं अनुभवलं की स्पर्धेच्या दिवशी ते परकं वाटत नाही. बीजिंगला जाण्याआधी बिंद्रा जर्मनीत एका उंच खांबावर चढला होता. त्यात ना रायफल होती ना ठिपका, फक्त भीती होती.