स्पोर्ट्सवॉशिंग

डागाळलेली प्रतिमा खेळाच्या आधाराने उजळून घेण्याचा प्रयत्न. करणारे बहुधा राज्यकर्ते असतात, कधी एखादी कंपनी किंवा धनाढ्य मालक. स्पर्धा भरवणे, संघ विकत घेणे, खेळाडूंच्या छातीवर आपले नाव झळकवणे हे त्याचे नेहमीचे मार्ग. २०१५ साली अझरबैजानमधील बाकू येथे पहिली युरोपीय क्रीडास्पर्धा भरली, त्या सुमारास हा शब्द मानवी हक्क कार्यकर्त्यांच्या तोंडी रुळू लागला. ‘क्रीडाधुलाई’ म्हणता आले असते, पण मराठी वृत्तपत्रांनी मूळ शब्दच उचलला.

शब्द नवा, प्रकार जुना. १९३६च्या ऑलिंपिकचे यजमानपद बर्लिनला १९३१मध्येच मिळाले होते. हिटलर सत्तेवर आला तो १९३३मध्ये, आणि आयती चालून आलेली संधी त्याच्या राजवटीने पुरेपूर वापरली. पाहुणे येण्याआधी रस्त्यांवरच्या ज्यूविरोधी पाट्या उतरवल्या गेल्या आणि शहरातल्या रोमा (जिप्सी) लोकांना उचलून मार्त्सानच्या छावणीत डांबले गेले. ग्रेटेल बर्गमन या उंच उडीपटूने जर्मन विक्रमाची बरोबरी केली होती, तरी ती ज्यू असल्यामुळे ऐनवेळी तिला संघातून वगळले.

अर्जेंटिनातील १९७८ची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा हे याहून अंगावर येणारे उदाहरण. १९७६च्या लष्करी उठावानंतर हजारो माणसे बेपत्ता झाली होती. अंतिम सामना झाला त्या ब्वेनोस आयरेसच्या मोन्युमेंताल मैदानापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर नौदलाची यांत्रिकी शाळा होती आणि तिथे गुप्त छळछावणी चाले. गोल झाल्यावरचा जल्लोष आत ऐकू येई, असे वाचलेल्या कैद्यांनी नंतर सांगितले. अर्जेंटिनाने नेदरलँड्सला ३-१ हरवले त्या रात्री पहारेकऱ्यांनी काही कैद्यांना मोटारीत घालून विजयोत्सव दाखवायला नेले. त्यांतल्या एका स्त्रीला गाडीच्या उघड्या छतातून बाहेर पाहू दिले. आपण बेपत्ता आहोत असे ओरडलो तरी या गर्दीत कोणाचे लक्ष जाणार नाही, हे तेव्हा कळून चुकले, असे तिने पुढे सांगितले. डाव पूर्ण साधला मात्र नाही. स्पर्धेसाठी आलेल्या परदेशी कॅमेऱ्यांपुढे बेपत्तांच्या आयांनी आपले म्हणणे मांडले आणि ते जगभर गेले.

नैतिक आक्षेप नेमका कशाला, याबद्दल गल्लत होते. इथे खोटे बोलले जातेच असे नाही. पाट्या उतरवण्याची गरजही आता फारशी पडत नाही. नाव घेताच जे आठवते त्याच्या शेजारी दुसरे काहीतरी आणून बसवले की काम होते. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने न्यूकॅसल युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबची ८० टक्के मालकी घेतली. सौदी हस्तकांनी केलेल्या पत्रकार जमाल खाशोगी यांच्या हत्येला तेव्हा तीन वर्षे झाली होती. त्या दिवसांत काही चाहते अरबी पद्धतीने डोक्याला कापड गुंडाळून मैदानापाशी नाचताना दिसले. व्यवहार क्लबचा झाला, पण १८९२पासून साठत आलेले चाहत्यांचे प्रेम त्याच्यासोबत फुकटात मिळाले. टीका झाली की आता मालकाची वकिली चाहताच करतो, तीही मनापासून. खरा दोष इथे आहे: दुसऱ्याची निष्ठा त्याला न विचारता आपल्या कामी लावली जाते.

हा आरोप पाश्चात्त्यांच्या सोयीचा आहे, त्यांच्या युद्धांचा हिशेब मागे ठेवून त्यांच्याही शहरांत स्पर्धा भरतातच, असे प्रत्युत्तर दिले जाते. त्यात तथ्य आहे, पण त्याने आरोपाचा आवाका वाढतो, आरोप खोटा ठरत नाही. सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी २०२३मध्ये एका मुलाखतीत वादच टाळला: याने देशाचे सकल उत्पादन (जीडीपी) एक टक्क्याने वाढणार असेल, तर आपण हे करतच राहू, असे ते म्हणाले. दुसरा बचाव सुधारणांचा. कतारमध्ये २०२२च्या विश्वचषकापूर्वी स्थलांतरित कामगारांना नोकरी बदलण्यासाठी मालकाची परवानगी लागेनाशी झाली आणि किमान मासिक वेतन १,००० रियाल ठरले. अंमलबजावणी अपुरी राहिली, आणि जे झाले तेही टीकाकारांच्या रेट्यामुळे. टीका बंद ठेवून झाले नसते.

जाब विचारला जातो तो मात्र खेळाडूला. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा डेव्हिस चषकाचा अंतिम सामना भारताने १९७४मध्ये सोडून दिला. तो निर्णय देशाचा होता. व्हिव रिचर्ड्‌सने बहिष्कार मोडून निघालेल्या तिथल्या ‘बंडखोर’ क्रिकेट दौऱ्याचा पैसा नाकारला, तर १९८३मध्ये गेलेल्या वेस्ट इंडियन खेळाडूंवर आजन्म बंदी आली. तेव्हा दौरा चोरीचा होता, त्यामुळे खेळाडूवर बोट ठेवता येत होते. यजमानपद रीतसर वाटले जाते, तेव्हा वाटणारी संघटना प्रश्नाबाहेर राहते. डिसेंबर २०२४मध्ये २०३४चा विश्वचषक सौदी अरेबियाला मिळाला. उमेदवार एकच होता आणि फिफाची सभा ऑनलाइन होती. मतमोजणी झाली नाही. सदस्यांनी आपापल्या कॅमेऱ्यासमोर, हात दिसतील अशा बेताने, टाळ्या वाजवल्या.