लेसरच्या तपासणीला येताय? आधी लेन्स काढा, मग या

शनिवारी सकाळी ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर वर जातं तेव्हा बाहेर एक-दोन जण उभे असतातच. कुणी डोंबिवलीहून लोकलने आलेलं, कुणी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून वाट काढत. लेसरने नंबर घालवायचा असतो, त्याआधीची मोजमापं करून हवी असतात. आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "लेन्स शेवटची कधी लावली होती?" उत्तर ठरलेलं: "आत्ता आहेच की डोळ्यात. काढते ना, डबी आणलीय सोबत."

आणि त्यांना परत पाठवावं लागतं. हाफ डे टाकून आलेला माणूस चिडणारच. फोनवर सांगितलं तरी हे होतं, म्हणून आता छापून देतोय.

मोजे काढल्यावर घोट्यावर इलॅस्टिकचा वण राहतो ना, तसंच हे आहे. लेन्स बुबुळावरच्या पारदर्शक कॉर्नियाला चिकटून बसते, तिचा आकार थोडा दाबते, आणि हवा कमी मिळाल्याने कॉर्निया किंचित सुजतोही. लेन्स काढल्या काढल्या मशीनवर हनुवटी टेकवलीत, तर कॉर्नियाच्या आकाराचा जो नकाशा मशीन काढतं, तो त्या वणाचाच निघतो. घोट्यावरचा वण तासाभरात जातो, कॉर्नियाचा जायला आठवडे लागतात.

फरक किती पडतो, तर पडतो. कॉर्निया मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जास्त. लॅसिक या लेसर शस्त्रक्रियेत वरचा पातळ पापुद्रा 100 ते 120 मायक्रॉनचा उचलतात आणि खालचा भाग लेसरने घासतात. एका नंबरामागे ढोबळमानाने 14-15 मायक्रॉन जातात. उणे 6 असेल तर झाले 90. उरलेला भाग निदान 250 राहायलाच हवा, बरेच डॉक्टर 300 च्या खाली उतरत नाहीत. आता ज्याची जाडी मुळात 480 आणि नंबर उणे 7, त्याचा हिशोब मांडून बघा. तिथे सुजेमुळे दहा-पंधरा मायक्रॉन जास्त दिसले तर "हो" आणि "नाही" यांची अदलाबदल होते.

गेल्या पावसाळ्यात एक ताई आल्या होत्या, चौदा वर्षं सेमी-सॉफ्ट लेन्स (हवा आत जाऊ देणाऱ्या कडक लेन्स) वापरणाऱ्या. पहिल्या दिवशी सिलिंडर, म्हणजे कॉर्नियाच्या असमान गोलाईमुळे लागणारा नंबर, 2.25 आला. तीन आठवड्यांनी 1.50. चौथ्या आठवड्यात पुन्हा 1.50, तेव्हा आम्ही रिपोर्ट हातात दिला. चार फेऱ्या झाल्या, एकदा आवाजही चढला. पण पहिल्या दिवसाच्या आकड्यावर कुणी लेसर चालवला असता, तर तो पाऊण नंबर आम्ही कुठून भरून देणार होतो?

तर आमचा नियम असा: साध्या सॉफ्ट लेन्स तपासणीआधी 2 आठवडे बंद, सिलिंडरच्या किंवा सेमी-सॉफ्ट असतील तर 3, जुन्या हार्ड असतील तर 4. मध्ये एका लग्नापुरती लावली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या डॉक्टरांनी जास्त दिवस सांगितले असतील तर त्यांचं ऐका.

"पण चष्माच नाहीये माझ्याकडे" ही दुसरी अडचण. लेन्सवाल्यांचा चष्मा कॉलेजच्या काळातला, एक काडी फेविक्विकने चिकटवलेली. तेवढ्या आठवड्यांसाठी साध्या फ्रेममध्ये तुमच्या नंबराच्या काचा आम्ही त्याच दिवशी बसवून देतो. विकायला बसलोय हे खरं, पण महागडी फ्रेम यासाठी कुणी घेऊ नये.

सुरक्षित आहे का, हे रोज विचारतात. शस्त्रक्रिया आम्ही करत नाही, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो. योग्य माणूस निवडला तर निकाल फार चांगले असतात, 100 पैकी 95 च्या आसपास लोक समाधानी असतात. दृष्टी जाण्याइतका बिघाड अगदी विरळा. त्रास होतो तो कोरडेपणाचा. पापुद्रा करताना कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे सुरुवातीचे महिने एसी ऑफिसात डोळे चुरचुरतात. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात निवळतं, काहींचं रेंगाळतं. रात्री समोरून येणाऱ्या हेडलाइटभोवती वलयं दिसू शकतात. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी डॉक्टरांना हे आधीच विचारावं.

नंबर वर्षभर स्थिर नसेल, वय 18 च्या आत असेल, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं सुरू असेल तर थांबा. डोळे सतत चोळायची सवय असेल किंवा घरात कुणाला केराटोकोनस असेल तर ते लपवू नका. कॉर्निया पुढे शंकूसारखा येणारा हा आजार नकाशात सापडला, तर लॅसिक नकोच. आमच्याकडून "डॉक्टरांना आधी हे दाखवा" अशी चिठ्ठी घेऊन गेलेले लोक नाराज होतात, "तुम्ही चष्मेवाले, लेसरला नाहीच म्हणणार" असंही ऐकवतात. ऐकून घेतो. लेसर झालेल्यांनाही चाळिशी लागतेच आणि ते जवळच्या चष्म्यासाठी आमच्याकडेच येतात, त्यामुळे आमचं काही बुडत नाही.

लोकलने जाणाऱ्यांसाठी एक. पापुद्र्याच्या पद्धतीत जोराचा मार लागला तर पापुद्रा सरकू शकतो. ठाण्याला सकाळच्या फास्टमध्ये चढताना कोपर कुणाचं कुठे लागेल सांगता येत नाही, तेव्हा सुरुवातीचे दिवस सुट्टीच घ्या. पापुद्रा न करता वरचा थर काढून करतात ती पीआरके, तिच्यात ही भीती नाही, पण तीन-चार दिवस डोळे चांगलेच दुखतात.

शस्त्रक्रियेआधीचे सगळे आकडे, जाडी आणि नकाशासकट, फाईलमध्ये जपून ठेवा. पुढे कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढायला डॉक्टर तेच मागतात, कारण लेसरनंतरच्या डोळ्यावर नेहमीचं गणित चुकतं. आमच्याकडे तपासणी केली असेल तर एक प्रत आम्हीही ठेवतो, हरवली तर येऊन घेऊन जा.

तपासणी वेळ घेऊनच होते, पाऊण तास लागतो. फोन कराल तेव्हा लेन्स कोणती आणि कधी काढली, ते आधी सांगा, तारीख त्यावरून देऊ.