'यासाठी १ दाबा' म्हणणारी बाई आली कुठून? थोडी पार्श्वभूमी

कस्टमर केअरला फोन लावला की गोड आवाजाची एक बाई सांगते 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग तेच तेच म्युझिक, मग यासाठी १ दाबा त्यासाठी २ दाबा, आणि आपल्याला जे हवंय ते त्यातल्या कुठल्याच नंबरवर नसतं. यावर चिडतो सगळेच. पण ही बाई तिथे आली कशी आणि तिच्यामागे खरी बाई का नाही हे बघायचं तर जवळजवळ दीडशे वर्षं मागे जावं लागतं, आणि माझं स्पष्ट मत असं की ऑटोमेशनने इथे काम संपवलं बिंपवलं काही नाही, पगार घेणाऱ्या बाईकडचं काम काढून आपल्या बोटांवर टाकलं आणि आवाज तेवढा बाईचा ठेवून घेतला.

१८७८ मध्ये टेलिफोन एक्स्चेंज अगदी नवीन प्रकार होता. डायल नव्हताच, रिसीव्हर उचलायचा, कोणाशी बोलायचंय ते ऑपरेटरला सांगायचं आणि तो बोर्डावर हाताने लाईन जोडून द्यायचा. या कामावर आधी पोरं ठेवली होती कारण तारेच्या ऑफिसात तशीच पद्धत होती. पण पोरं गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलायची, शिव्या द्यायची, मस्करी करत बसायची. म्हणून बोस्टनमध्ये १ सप्टेंबर १८७८ ला एमा नट कामावर आली, ही जगातली पहिली बाई टेलिफोन ऑपरेटर. तिचा शांत आवाज लोकांना आवडला आणि मग बाकीच्या कंपन्यांनीही भराभर मुलीच घ्यायला सुरुवात केली. बायकांना नम्रपणे बोलणं उपजत जमतं असं तेव्हा सांगितलं जायचं. असेल. पण मुलींना पुरुषांपेक्षा कमी पगार देऊन भागायचं हेही कारण होतंच ना, ते कोणी एवढ्या कौतुकाने सांगत नाही.

आणि नोकरी कशी तर बोलायची वाक्यं ठरलेली, त्यापलीकडे गप्पा नाहीत, पाठीमागे सुपरवायझर फेऱ्या मारतेय, लग्न झालं की बऱ्याच ठिकाणी घरी जायचं. म्हणजे आज जो रेकॉर्डेड मेनू ऐकून डोकं फिरतं त्याची स्क्रिप्ट मशीन यायच्या कितीतरी आधी माणसाच्या तोंडात घालून झाली होती, मशीनला ती फक्त उचलायची होती.

आता मशीन कोणी आणलं, तर आल्मन स्ट्राउजर नावाच्या एका अंडरटेकरने, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या माणसाने! कॅन्सस सिटीतला हा गृहस्थ. गोष्ट अशी सांगतात की गावातल्या दुसऱ्या अंडरटेकरची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्राउजरसाठी आलेले फोन ती नवऱ्याकडे वळवायची. खरं खोटं देव जाणे, पण ऑपरेटरवर त्याचा राग होता एवढं नक्की. १८९१ मध्ये त्याला आपोआप लाईन जोडणाऱ्या स्विचचं पेटंट मिळालं, १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात पहिलं ऑटोमॅटिक एक्स्चेंज सुरू झालं, आणि फिरवायचा डायल १८९६ मध्ये आला. त्याची जाहिरात काय होती माहितीय? मुलगी नसलेला, शिव्या नसलेला, न बिघडणारा, ताटकळत न ठेवणारा टेलिफोन. यातली मुलगी तेवढी खरोखर गेली, बाकी तिन्ही गोष्टी आपल्या नशिबी अजून आहेत.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने, बेल सिस्टीमने, हे तंत्र कितीतरी वर्षं वापरलंच नाही. त्यांचं म्हणणं माणूस देतो ती सर्व्हिस चांगली. पण मोठ्या शहरात फोन वाढले की कोणालाही कोणाशीही जोडायचं काम भयंकर वाढत जातं, तेवढ्या मुली आणायच्या कुठून आणि पगार किती द्यायचा. एप्रिल १९१९ मध्ये न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांतल्या, ऑपरेटर मुलींनी ज्युलिया ओ'कॉनरच्या नेतृत्वाखाली संप केला आणि पगारवाढ घेऊनच परत गेल्या. त्याच वर्षी बेलने व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्ये डायल फोन सुरू केले. डायलचं आधीपासून ठरत होतं त्यामुळे संपाची शिक्षा म्हणून आणले असं मी म्हणत नाही, पण संप बघून कोणाला मशीनचं प्रेम कमी झालं असेल असंही वाटत नाही.

आणि लोकांना डायल फिरवायला शिकवावं लागलं बरं का! त्यासाठी खास फिल्म बनवल्या, नंबर कसा बघायचा, बोट कुठे घालायचं, टोन येईपर्यंत थांबायचं. म्हणजे ऑपरेटरचं काम गिऱ्हाइकाने फुकटात करायचं याचं ट्रेनिंग. आज दुकानात आपला माल आपणच स्कॅन करतो, ते यातलंच.

त्या मुलींचं काय झालं? अभ्यासकांनी जनगणनेच्या जुन्या नोंदी ताडून पाहिल्यात. नंतरच्या पिढीतल्या मुलींना टायपिस्ट, सेक्रेटरी, हॉटेलातली कामं अशा नोकऱ्या मिळाल्या, एकूण बेकारी फारशी वाढली नाही. पण आधीपासून ऑपरेटर असलेल्यांपैकी बऱ्याच जणी दहा वर्षांनी कमी पगाराच्या कामावर तरी होत्या किंवा कामावरच नव्हत्या. 'ऑटोमेशनने नवीन नोकऱ्या येतात' म्हणणाऱ्यांनी हे दुसरं वाक्यही म्हणावं की.

बाई गेली पण आवाज परत आला. पॅरिसच्या वेधशाळेत किती वाजले विचारायला एवढे फोन यायचे की लाईन कायम बिझी, म्हणून १९३३ मध्ये तिथे बोलतं घड्याळ बसवलं, आणि त्यात आवाज पुरुषाचा होता. ब्रिटनने १९३६ मध्ये आपलं बसवलं तेव्हा टेलिफोन ऑपरेटर मुलींची स्पर्धा घेतली, एथेल केन जिंकली, बक्षीस १० गिनी, म्हणजे साडेदहा पौंड. म्हणजे खऱ्या ऑपरेटरचाच आवाज एकदा भरून घेतला आणि मग वर्षानुवर्षं वाजवला.

'१ दाबा' मात्र १९६३ नंतरचं. तेव्हा बटणांचे टच-टोन फोन आले, प्रत्येक बटण एकाच वेळी दोन सूर काढतं आणि कॉल चालू असतानाही पलीकडच्या मशीनला ते ओळखता येतात. यावरच पुढे सगळे मेनू उभे राहिले.

बाईचाच आवाज का, तर म्हणे फोनवर तो स्पष्ट ऐकू येतो. हे मला पटत नाही. जुन्या फोन लाईनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपनं) एवढ्याच पट्टीतला आवाज जायचा, आणि बोलताना पुरुष काय, बाई काय, दोघांच्याही आवाजाचा मूळ सूर सहसा त्याच्या खालीच असतो, म्हणजे तो दोघांचाही लाईनवरून जायचाच नाही. बरं, २०११ मध्ये सिरी, म्हणजे अ‍ॅपलच्या फोनमधली बोलणारी असिस्टंट, आली तेव्हा अमेरिकेत बाईचा आवाज होता आणि ब्रिटनमध्ये पुरुषाचा, तिथल्या लोकांचे कान काही वेगळे नव्हते. २०१९ मध्ये युनेस्कोच्या रिपोर्टने स्पष्ट म्हटलं की बाईच्या आवाजातले असे आज्ञाधारक, शिवी दिली तरी गोड बोलणारे असिस्टंट जुनेच समज पक्के करतात. २०२१ मध्ये अ‍ॅपलने इंग्रजी सिरीचा ठरलेला बाईचा आवाज काढला, आता फोन सेट करतानाच कुठला आवाज हवा ते विचारतात. अर्थात आवाज निवडायचं हे कामही आपल्याकडेच आलं.