जाळीपलीकडचा पाहुणचार: कॅथलिक मठांतल्या पाहुण्यांच्या पानाची पार्श्वभूमी

कॅथलिक मठात पाहुण्याचं जेवण पूर्वापार वेगळ्या चुलीवर शिजत आलं आहे. इसवी सन ५३० च्या आसपास इटलीत संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या ५३ व्या प्रकरणात याची सगळी व्यवस्था लावून दिलेली आहे. दारात येणारा प्रत्येक पाहुणा साक्षात ख्रिस्त समजावा, मठप्रमुखाने त्याच्या हातावर पाणी घालावं, त्याचे पाय धुवावेत. गरीब आणि यात्रेकरू यांची जास्त काळजी घ्यावी, कारण श्रीमंतांचा मान लोक त्यांच्या धाकानेही राखतात. लगेच पुढे स्वयंपाकघराचा विषय येतो. पाहुणे वेळी-अवेळी येतात आणि मठात ते कधी नसतात असं होत नाही, म्हणून त्यांच्यासाठी निराळं स्वयंपाकघर हवं आणि तिथे दोन जाणते बंधू वर्षभरासाठी नेमायला हवेत. पाहुण्याबरोबर जेवायला बसावं म्हणून मठप्रमुखाने आपला उपास मोडला तरी हरकत नाही. बाकीच्यांनी मात्र मोडायचा नाही.

या बाकीच्यांच्या पानात काय असे, तेही त्याच नियमावलीत आहे: दिवसाला एक पौंड पाव, शिजवलेले दोन पदार्थ, थोडी वाईन. चार पायांच्या प्राण्याचं मांस फक्त आजाऱ्याला. स्वतः मोजून खायचं आणि आल्यागेल्याला मोकळ्या हाताने वाढायचं, ही मठाच्या पाहुणचाराची मूळ रीत. हे नियम पुरुषांच्या मठासाठी लिहिले गेले, पण बेनेडिक्टाइन आणि सिस्टर्सियन नन्सनीही तेच स्वीकारले. ऑगस्टिनियन, डॉमिनिकन, क्लॅरिस या पंथांचे नियम वेगळे होते, तरी पाहुण्याला रिकाम्या हाताने न पाठवण्याची रीत सगळीकडे होती.

नन्सच्या मठांत एक मोठा बदल सोळाव्या शतकात झाला, आणि माझ्या मते पाहुण्यांच्या पानात पुढे जे जे आलं त्याचं मूळ तिथे आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये नन्सना भिंतीआड राहण्याचं बंधन घातलं आणि १५६६ मध्ये पोप पायस पाचवे यांनी ते आणखी कडक केलं. ननने मठाबाहेर पडायचं नाही, बाहेरच्याने आत यायचं नाही. भेटायला आलेल्या आईबापांनाही भेटीच्या खोलीत बसून लोखंडी जाळीतून बोलावं लागे. वस्तूंची देवघेव भिंतीत बसवलेल्या लाकडी फिरत्या कपाटातून होई. आतल्या बाजूने वस्तू ठेवायची आणि कपाट फिरवायचं, म्हणजे ती बाहेर येते आणि कोणी कोणाचं तोंड पाहत नाही. पोर्तुगीजमध्ये त्याला रोदा म्हणतात, स्पॅनिशमध्ये तोर्नो.

आता अशा कपाटातून काय देणार? रस्सा सांडेल, भाजलेलं मांस गार होईल. शिवाय पाहुणा एका बाजूला बसून जेवतोय आणि यजमानीण जाळीआड उभी आहे, हे दोघांनाही अवघड. गोड मात्र टिकतं, बांधून देता येतं, आणि घरी नेल्यावरही मठाची आठवण करून देतं. मठातल्या स्वयंपाकिणींचा सगळा कस मिठायांत उतरला तो यामुळे, असं मला वाटतं.

हा पाहुणचार निव्वळ सद्भावाचा होता, असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. स्पेनमधल्या आव्हिलाच्या संत तेरेसा ज्या एन्कार्नासिओन मठात नन झाल्या, तिथे दीडशेहून अधिक नन्स होत्या आणि सगळ्यांना पुरेल इतकं अन्न नव्हतं. ज्यांचे नातेवाईक सधन त्यांना बाहेरून डबे येत. बाकीच्या भेटीच्या खोलीत येणाऱ्या श्रीमंत मंडळींची मर्जी राखत, कारण मदत तिथूनच मिळे. खुद्द तेरेसांचे तरुणपणी तासन् तास या खोलीत जात, आणि त्याचा त्यांनी पुढे मनापासून खेद केला. १५७१ मध्ये त्या याच मठाच्या प्रमुख होऊन परतल्या तेव्हा त्यांनी आधी नन्सच्या जेवणाची सोय लावली आणि भेटीगाठींना आळा घातला. देव भांड्याकुंड्यांतही वावरतो, असं सांगणाऱ्या या बाईने पोट आणि प्रार्थना यांचा संबंध नीट ओळखला होता. पाहुण्याला दिलेल्या गोडामागे पुष्कळदा मठाची गरजही असते, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

पोर्तुगालमध्ये या गोडाला जो बहर आला तो साखरेमुळे. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून मदैरा बेटावरून साखर येऊ लागली आणि पुढे ब्राझीलमधून तर तिचा ओघच सुरू झाला. साखर तेव्हा औषधात मोडे. राजाकडून मठांच्या रुग्णशाळांना ती दान मिळे. अंड्यांबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते: पांढरा बलक कपड्यांना खळ द्यायला आणि वाईन निवळायला वापरत, मग उरलेल्या पिवळ्याचं काय करायचं म्हणून मिठाया निघाल्या. यात तथ्य असेलही, पण मला दुसरं कारण अधिक पटतं. मठांच्या जमिनी कुळांकडे असत आणि कुळं खंडात कोंबड्या नि अंडीही घालत. अंडी दारात येऊन पडत होती, साखर होती, बदाम होते. आत खानदानी घरांतल्या मुली होत्या, चुलीपाशी राबायला नोकरमाणसं होती. साखरेच्या पाकाच्या तारा आपल्याकडच्या एकतारी-दोनतारीसारख्याच, पण त्याहून कितीतरी बारकाईने ओळखण्याची विद्या या स्वयंपाकघरांत तयार झाली. एव्होराच्या सांता क्लारा मठातली १७२९ सालची पाककृतींची वही शिल्लक आहे.

अठराव्या शतकात तर मठाच्या अंगणात काव्यमैफली भरत. नव्या मठप्रमुखाची निवड झाली की खिडक्यांखाली कवी जमत. वरून नन्स एखादी ओळ देत, खालून कवी तिच्यावर रचना करत, आणि बिदागी म्हणून खिडकीतून मिठाई येई. लिस्बनजवळच्या ओदिवेलाशच्या मठात राजा जुआंव पाचवा याचं येणंजाणं होतं. तिथला क्विन्स या आंबट फळाचा घट्ट मुरंबा, मार्मेलादा, आजही त्या गावाच्या नावाने ओळखला जातो.

पाहुणे फक्त घेऊन जात असं नाही. स्पेनमध्ये लग्नाच्या दिवशी पाऊस पडू नये म्हणून नवरीकडच्यांनी सांता क्लाराच्या नन्सना अंडी नेऊन द्यायची रीत आहे. फिलिपिन्समध्येही ती पोचली आणि टिकली. नन्स प्रार्थना करतात आणि त्याच अंड्यांची मिठाई होते. हा व्यवहार मला फार लोभस वाटतो.

मेक्सिकोत पुएब्ला शहरात मठाच्या पाहुणचाराच्या दोन कथा आहेत. सांता रोसाच्या डॉमिनिकन नन्सनी बड्या पाहुण्यासाठी मिरच्या, मसाले नि चॉकलेट वाटून मोले हा दाट रस्सा केला, ही एक. पाहुणा कोण, बिशप की व्हाइसरॉय, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. रंगीत फरशांनी मढवलेलं ते स्वयंपाकघर मात्र आजही पाहता येतं. दुसरी कथा १८२१ सालच्या ऑगस्टमधली. मेक्सिकोच्या स्वातंत्र्याचा करार करून सेनापती आगुस्तीन दे इतुर्बिदे शहरात आले, तेव्हा सांता मोनिका मठातल्या ऑगस्टिनियन नन्सनी त्यांच्यापुढे भरलेल्या मिरच्या ठेवल्या. वर अक्रोडाचा पांढरा रस, डाळिंबाचे लाल दाणे, हिरवी पानं, म्हणजे नव्या झेंड्याचे तीन रंग. असे पदार्थ एका दिवसात आणि एका डोक्यातून निघत नाहीत. त्यामुळे या कथा इतिहास म्हणून घेऊ नयेत. पण लोकांनी आपल्या सगळ्यात आवडत्या पदार्थाचा जन्म मठातल्या पाहुणचारात कल्पिला, यावरून त्या चुलीचा मान कळतो.

याच सांता मोनिकेच्या नावाचं, याच पंथाचं कॉन्व्हेंट आपल्या शेजारी जुन्या गोव्यात आहे. आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश हे स्वतः ऑगस्टिनियन. त्यांनी १६०६ मध्ये त्याची स्थापना केली आणि १६२७ पर्यंत ती तीन मजली, भक्कम टेकूंची प्रचंड वास्तू उभी राहिली. १६३६ मध्ये आग लागली, पुन्हा बांधकाम झालं. आशियातलं नन्सचं पहिलं कॉन्व्हेंट म्हणून याचं नाव घेतात. इथेही पैशाचा प्रश्न होताच. नन होणाऱ्या मुलीबरोबर हुंडा मठात जाई, आणि शहरातली संपत्ती आणि लग्नाच्या मुली दोन्ही भिंतीआड जातात, अशी नगरसभेची तक्रार होती.

बेबिंका या गोव्यातल्या थरांच्या मिठाईचं श्रेय परंपरेने या मठातल्या बिबियाना नावाच्या ननला दिलं जातं. लिस्बनच्या नि जुन्या गोव्याच्या सात टेकड्यांसाठी तिने सात थर लावले, धर्मगुरूंना ते कमी वाटले, म्हणून थर वाढत सोळापर्यंत गेले, असं सांगतात. सारख्याच नावाचे पदार्थ मकावपासून फिलिपिन्सपर्यंत आढळतात, तेव्हा एका ननच्या शोधाची ही गोष्ट मला टिकणारी वाटत नाही. बेबिंकेच्या ताटात नीट पाहिलं की वेगळीच हकिगत दिसते. पिवळा बलक आणि साखर ही पोर्तुगीज मठांची जोडी त्यात आहे, पण बदामाच्या जागी नारळाचं दूध आलं, आणि एकेक थर घालून वरून निखाऱ्यांची धग देत भाजण्याचं काम आलं. नारळ खवून दाट नि पातळ रस वेगळा काढणं लिस्बनहून आलेल्या बायकांना कुठून ठाऊक असणार? मठात राबणाऱ्या स्थानिक बायका होत्या, गुलाम बायकाही होत्या. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. माझ्या लेखी बेबिंकेच्या कथेत खरी जागा त्यांची आहे.

दोस हा वड्यांचा गोड पदार्थही असाच. साखरेच्या पाकात घोटत घट्ट करायची पद्धत पोर्तुगीज, डाळ चण्याची, सोबत नारळ. पेराद, म्हणजे पेरूच्या वड्या, तर ओदिवेलाशच्या मार्मेलादाची गोव्यातली बहीणच. गोव्यात क्विन्स नव्हतं, पण पोर्तुगीजांच्याच जहाजांतून अमेरिका खंडातला पेरू आला होता. गर तोच, घोटणं तेच, ताटात थापून वड्या पाडणंही तेच. नाताळात हे सगळे जिन्नस एका ताटात भरून शेजारीपाजारी पाठवतात. त्या ताटाला कुन्स्वाद म्हणतात. हिंदू शेजाऱ्यांकडेही ते जातं आणि चतुर्थी-दिवाळीला त्यांच्याकडून नेवऱ्या, म्हणजे करंज्या, येतात.

मठांची ही चूल १८३४ मध्ये कायद्याने विझवली. पोर्तुगालमध्ये यादवीनंतर सत्तेवर आलेल्या उदारमतवादी सरकारने पुरुषांचे मठ तत्काळ बंद केले. नन्सना राहू दिलं, पण नवी मुलगी घ्यायची नाही, शेवटची नन वारली की मठ सरकारजमा. गोव्यात हा हुकूम १८३५ मध्ये लागू झाला. उत्पन्न आटलं, तसं पाहुण्याला प्रेमाने द्यायचं गोड विकायची पाळी आली. लिस्बनला जेरोनिमुश मठाशेजारी १८३७ मध्ये अंड्याच्या पेस्ट्रीचं दुकान निघालं, ते अजून चालू आहे. इतर ठिकाणी मठात वाढलेल्या मुली आणि मोलकरणी पाककृती घरी घेऊन गेल्या. सांता मोनिकातली शेवटची नन १८८५ मध्ये वारली.

त्या वास्तूत १९६४ पासून सिस्टर्सच्या शिक्षणासाठी मातेर देई संस्था चालते आणि तिथल्या चर्चमध्ये ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. बेबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आता ती घरगुती उद्योग आणि बेकऱ्यांच्या हाती आहे. स्पेनमध्ये मात्र जुनी पद्धत काही मठांत चालू आहे. सेव्हिलच्या सान लेआंद्रो मठात पिवळ्या बलकाच्या येमा मिळतात, माद्रिदच्या कार्बोनेरास मठात बिस्किटं मिळतात. घंटा वाजवायची, आतून मारियेच्या नावाने आवाज आला की उत्तर द्यायचं, पैसे कपाटात ठेवायचे आणि ते फिरण्याची वाट पाहायची. आतल्या नन्सचं वय वाढलंय, नव्या मुली कमी येतात, छपरं गळतात आणि त्यांचा खर्च या मिठायांवर निघतो. तिथे गेलात तर दोन खोके जास्त घ्या.